देवीच्या साथींतील रुग्णसेवक : संत जोसेफ वाझ

साधुसंतांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि प्रथम त्यांच्या चमत्कारांकडे वळते. हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु कांहीं संतांच्या आयुष्यांत अशी एखादी गोष्ट असते कीं, ती चमत्काराहून लहान दिसते आणि तरीहि तिच्यापुढें चमत्कार फिका पडतो. रोग्याच्या अंथरुणाशीं बसून त्याला पाणी पाजणें, त्याचे फोड धुणें, त्याची घाण काढणें आणि तो गेल्यावर त्याची माती करणें, हीच ती गोष्ट. गोव्याच्या भूमींत जन्मलेले आणि सिंहलद्वीपांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, देह ठेवलेले संत जोसेफ वाझ यांचें चरित्र या ज्युबिलीच्या पुस्तकांत देण्याचें कारण हेंच आहे. ज्युबिली हा जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाहि प्रसंग होय. आपल्या धर्मग्रामानें काय बांधलें याचा हिशेब करतांना, आपण कोणाला सांभाळलें हाहि प्रश्न मनाशीं विचारावा लागतो. तो विचारण्यास या थोर धर्मगुरूंचें आयुष्य आपणांस चांगलें साहाय्य करील.

जन्म, शिक्षण व गुरुदीक्षा

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं सासष्टींतील बाणावली या गांवीं, आजोळीं झाला. वडिलांचें नांव क्रिस्तोव्हांव वाझ व आईचें मारिया दि मिरांडा. वाझ घराणें मूळचें सांकवाळचें. आठव्या दिवशीं बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ताच्या देवळांत बाळाला बाप्तिस्मा देण्यांत आला. सहा भावंडांत हें तिसरें. घराणें ब्राह्मण ख्रिस्ती, खाऊनपिऊन सुखी व भाविक होतें.

सांकवाळास पोर्तुगीज भाषेचा व बाणावलीस लॅटिन भाषेचा अभ्यास झाल्यावर जोसेफ यांस जुन्या गोव्यास पाठविण्यांत आलें. तेथें येशूसंघीय धर्मगुरूंच्या संत पॉल विद्यालयांत आणि पुढें डोमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस विद्यापीठांत त्यांनीं तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचें अध्ययन केलें. १६७६ सालीं गोव्याचे आर्चबिशप आंतोनियु ब्रांदांव यांच्या हातून त्यांस गुरुदीक्षा मिळाली. रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक होऊन त्या वेळीं दोन वर्षें झालीं होतीं. काळ असा धामधुमीचा होता. त्या काळांत या तरुण धर्मगुरूनें पायांतलीं पायताणें काढून ठेविलीं आणि गरीब लोकांप्रमाणें अनवाणी चालण्याचा परिपाठ धरला. सांकवाळास त्यांनीं मुलांना लॅटिन शिकविण्याची शाळा घातली. पवित्र मरियेवर त्यांची भक्ति फार. १६७७ सालीं त्यांनीं स्वतःस तिचा दास म्हणून लेखी अर्पण केलें.

सांकवाळचें जुनें देऊळ आरोग्यमातेचें. १८३४ सालीं तें आगींत जळालें आणि आज त्याची केवळ दर्शनी भिंत उभी आहे. ज्या गांवच्या देवळानें मरियेला आरोग्यमाता म्हणून हांक मारली, त्याच गांवच्या घराण्यांतील मुलानें पुढें परदेशीं परक्या लोकांची रुग्णसेवा करावी, हा योगायोग मनास मोठा गोड वाटतो.

कानडा प्रांतीं व गोव्याच्या मठांत

१६८१ सालीं त्यांस कानडा प्रांतीं पाठविण्यांत आलें. मंगळूर, बसरूर, बारकूर, गंगोळी, कल्याणपूर हा सारा मुलूख त्या वेळीं केळदीच्या राणी चेन्नम्मा यांच्या अमलाखालीं होता. पुढें १६८९ सालीं राजाराम महाराज जिंजीकडे जात असतां ज्या राणीनें त्यांस आश्रय दिला, तीच ही राणी. तेथील ख्रिस्ती लोकांवर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजानें नेमलेल्या धर्मगुरूंचा कीं रोमहून थेट नेमलेल्या बिशपांचा, असा वाद तेव्हां पेटला होता. फादर वाझ यांनीं तो वाद शक्य तितक्या सौम्यपणें हाताळला, गांवोगांव फिरून शाळा काढल्या आणि गोरगरिबांची सेवा केली. १६८४ सालीं ते गोव्यास परतले.

त्या काळीं युरोपियन संन्यासी संघांत देशी माणसांस प्रवेश मिळत नसे. तेव्हां गोव्यांतील कांहीं देशी धर्मगुरूंनीं आपणच एकत्र राहून नियमाचें जीवन जगावें असें ठरविलें. १६८५ सालच्या सप्टेंबरांत फादर वाझ त्यांस जाऊन मिळाले व लवकरच त्यांचे वडीलधारे झाले. जुन्या गोव्यांतील चमत्कारी क्रूसाच्या देवळापाशीं वसलेली ही संस्था संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमानें चालूं लागली. आशिया खंडांत देशी धर्मगुरूंनीं उभारलेली ही पहिली अशी संस्था होय. तिच्यांतूनच पुढें दीडशें वर्षें सिंहलद्वीपास धर्मगुरु मिळत राहिले.

सिंहलद्वीपाची वाट

सिंहलद्वीपाची हकीकत फादर वाझ यांच्या कानीं पूर्वींच आली होती आणि ती त्यांस स्वस्थ बसूं देत नव्हती. डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांपासून घेतलें होतें. डच हे कॅल्व्हिनपंथी. त्यांनीं कॅथोलिक धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविलें, देवळें आपल्या पंथाकडे घेतलीं आणि धर्मगुरूस घरांत आसरा देणाऱ्यास जबर शिक्षा ठरविली. सुमारें तीस वर्षें त्या बेटावर मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याजवळ बसणारा धर्मगुरु नाहीं, अशी स्थिति होती.

१६८६ सालीं फादर वाझ गोव्यांतून निघाले. सोबत जॉन नांवाचा एक विश्वासू सेवक होता. पाय सोलून निघेपर्यंत चालत, मलबार किनाऱ्यानें दक्षिणेस जाऊन ते तुतुकुडीस पोंचले. बंदर डचांच्या ताब्यांत असल्यामुळें धर्मगुरूच्या वेषांत पुढें जाणें अशक्य होतें. त्यांनीं झगा उतरविला, कमरेस हमालाचें वस्त्र गुंडाळलें आणि मजुरांच्या घोळक्यांतून १६८७ सालीं तें बेट गांठलें. ज्या काळीं जातीचा अभिमान ख्रिस्ती घराण्यांतूनहि मावळला नव्हता, त्या काळीं एका ब्राह्मण घराण्यांतील विद्वान धर्मगुरूनें हमालाच्या वेषांत भीक मागत दारोदार फिरावें, यांतील त्याग आपल्या देशांत कोणास समजावून सांगावा लागूं नये.

प्रवासाच्या हालांनीं दोघांसहि हगवण लागली. हा रोग आपणांस लागेल या भीतीनें लोकांनीं त्यांस वस्तींत राहूं दिलें नाहीं. दोघेहि आजारी, अंगांत उठण्याचें त्राण नाहीं, आणि वस्तीबाहेर उघड्यावर पडलेले. अशा वेळीं एका दयाळू बाईनें रोज पेज आणून देऊन त्यांचे प्राण वांचविले, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. तिचें नांव कोणास ठाऊक नाहीं. परंतु दहा वर्षांनीं फादर वाझ यांनीं जें महान् कार्य केलें त्याचा पहिला धडा त्यांस या अनामिक बाईनें दिला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. रोगाच्या भीतीनें टाकलें जाणें म्हणजे काय आणि अशा वेळीं एक वाटी पेजेची किंमत काय, हें त्यांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. तें त्यांनीं स्वतःच्या देहावर भोगलें होतें.

जाफना, पुत्तलम् व कँडी

जाफन्यास कॅथोलिक कोण हें ओळखावें तरी कसें, हा पहिला प्रश्न होता. फादर वाझ गळ्यांत जपमाळ घालून भिकाऱ्याच्या वेषानें घरोघर फिरत. जपमाळ पाहून ज्यांचे डोळे भरून येत ते आपले, अशी ही साधी खूण होती. हळूहळू लोकांस विश्वास आला. मग रात्रीं घरांत मिस्सा होऊं लागली, पहाट होण्यापूर्वीं वेदीचें सामान लपवून ठेवण्यांत येऊं लागलें. १६८९ सालच्या नाताळांत डच शिपायांनीं धाड घातली. अनेक स्त्रीपुरुष पकडले गेले व पुढाऱ्यांना फटक्यांची शिक्षा झाली. मात्र फादर वाझ त्यांच्या हातीं लागले नाहींत. त्यानंतर त्यांनीं आपला मुक्काम पुत्तलमला हलविला.

बेटाच्या मध्यभागीं डोंगररानांनीं वेढलेलें कँडीचें बौद्ध राज्य डचांपासून स्वतंत्र होतें. समुद्रानें वेढलेल्या बेटांत हें रानांनीं वेढलेलें दुसरें बेटच म्हणावें. तेथें जाण्याच्या वाटा अवघड, नाक्यानाक्यावर पहारा, आणि परका मनुष्य दिसला कीं तो हेर असल्याचा संशय. तथापि धर्मगुरूस मोकळेपणीं राहतां येईल अशी जागा असलीच तर ती हीच, असें जाणून फादर वाझ १६९२ सालीं तिकडे गेले. तेथें एका कॅल्व्हिनपंथी फ्रेंच गृहस्थानें ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची कागाळी केली. राजा विमलधर्मसूर्य दुसरा यानें त्यांस कैदेंत ठेविलें.

कैदेंत त्यांनीं दोन गोष्टी केल्या. एक, सिंहली भाषा शिकून घेतली. आणि दुसरी, आपल्या वर्तनानें पहारेकऱ्यांचा संशय घालविला. पहारा हळूहळू ढिला झाला. त्यांनीं एक झोंपडी उभारून तिच्यांत वेदी मांडली आणि तेथल्या पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांस अनेक वर्षांनीं मिस्सा मिळाली. पुढें एका अवर्षणाच्या वेळीं राजानें त्यांस पावसासाठीं प्रार्थना करण्यास सांगितलें. भर चौकांत वेदी व क्रूस मांडून त्यांनीं प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस पडला, असें परंपरेनें सांगण्यांत येतें. त्यानंतर राजानें त्यांस राज्यांत फिरण्याची मोकळीक दिली. सिंहलद्वीपांत ही गोष्ट आजहि प्रेमानें सांगतात. परंतु राजाच्या मनावरचा शेवटचा पडदा दूर झाला तो या पावसानें नव्हे. त्याची हकीकत आतां सांगावयाची आहे.

देवीची साथ

१६९७ सालीं गोव्याहून कांहीं ओरेटोरियन धर्मगुरु मदतीस आले. त्यांत फादर वाझ यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो होते. कोचीनच्या बिशपांनीं फादर वाझ यांस सिंहलद्वीपाचे व्हिकर जनरल नेमल्याची वार्ताहि त्यांच्याबरोबर आली. आतां कामाची घडी नीट बसवावी असा विचार चालला असतांच कँडींत देवीची साथ उठली.

देवी हा रोग काय होता हें आजच्या तरुण पिढीस ठाऊक नाहीं. भारतांत त्याचा शेवटचा देशी रोगी १९७५ सालीं आढळला आणि १९८० सालीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. परंतु आपल्या आजोबा-आजींच्या पिढींत तोंडावर देवीचे वण असलेलीं माणसें खानदेशांत सर्वत्र दिसत. प्रथम कडक ताप येई, डोकें व कंबर ठणके. दोन-चार दिवसांनीं तोंडावर व हातापायांवर पुरळ उठे, त्याचे फोड होत, फोडांत पू भरे आणि मग खपल्या धरत. दहांपैकीं सुमारें तीन रोगी दगावत. जगलेल्यांपैकीं कित्येकांची दृष्टि जाई. हा रोग श्वासानें पसरे, तसाच रोग्याच्या कपड्यांनीं व अंथरुणानेंहि पसरे. एडवर्ड जेन्नर यांनीं लस शोधिली ती १७९६ सालीं, म्हणजे या साथीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं. आपल्या देशांत ती प्रथम टोंचली गेली ती १८०२ सालीं मुंबईस. तेव्हां १६९७ सालीं कँडींतील मनुष्यापुढें एकच उपाय होता, तो म्हणजे पळून जाणें.

आणि लोक पळाले. राजा व सरदार राजधानी सोडून गेले. ज्यांस शक्य होतें त्यांनीं घरें सोडलीं. ज्यांच्या अंगावर देवी उठल्या त्यांस त्यांच्याच नातलगांनीं रानांत नेऊन ठेविलें. यांत त्या लोकांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. प्लेगच्या दिवसांत महाराष्ट्रांतलीं गांवेंच्या गांवें ओस पडून माणसें शेतांत झोंपड्या घालून राहिलीं होतीं, हें आपल्याहि वाडवडिलांनीं सांगितलेलें आहे. भीतीपुढें आई लेकरास विसरते असें नव्हे. पण चार लेकरें वांचविण्यासाठीं पांचव्यास दूर ठेवावें लागतें, अशी ती वेळ असते.

फादर वाझ व फादर कार्व्हाल्यो मात्र राहिले. त्यांजवळ देवीचें औषध नव्हतें, कारण तें कोणाजवळच नव्हतें. जें होतें तें दोन हात व देवावरील विश्वास. रानांत टाकलेल्या रोग्यांस त्यांनीं शोधून काढलें. त्यांच्यासाठीं पाल्याच्या झोंपड्या उभारल्या. लोक सोडून गेलेल्या घरांत रोग्यांस आणून ठेविलें व त्यांचींच इस्पितळें केलीं. रोज या झोंपडींतून त्या झोंपडींत जाऊन ते रोग्यांस अन्न, पाणी व जवळ असेल तें साधें औषध देत, त्यांचीं अंगें पुसत, जखमा धूत, अंथरुणें साफ करीत. ज्यांस कोणी शिवत नव्हतें त्यांस ते शिवले. जे ख्रिस्ती होते त्यांचें पापनिवेदन ऐकून त्यांस रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला. जे बाप्तिस्मा मागत त्यांस तो दिला. परंतु पेज देतांना त्यांनीं कोणासहि तूं कोणत्या धर्माचा असें विचारलें नाहीं. बौद्ध असो, हिंदु असो वा ख्रिस्ती असो, तहान एकच होती.

आणि जे गेले त्यांची माती त्यांनीं स्वतः केली. खड्डे खणणें, प्रेतें उचलून नेणें, पुरणें हें काम साथीच्या दिवसांत सर्वांत भयंकर. प्रेताजवळ नातलग फिरकत नाहींत, मजूर मिळत नाहींत, दुर्गंधीनें उभें राहवत नाहीं. तरी हें काम रोजच्या रोज करावें लागतें, कारण न पुरलेलें प्रेत जिवंतांस भोंवतें. साथ पुढल्या वर्षापर्यंत रेंगाळली. त्या सर्व काळांत या मामा-भाच्यांनीं आपलें ठाणें सोडलें नाहीं.

आज रुग्णपरिचर्या हें एक शास्त्र झालें आहे. परिचारिकेस वर्षेंच्या वर्षें शिक्षण घ्यावें लागतें आणि तें योग्यच आहे. परंतु तें शास्त्र ज्या गोष्टींवर उभें आहे, त्या सर्व या दोन धर्मगुरूंच्या कामांत दिसून येतात. रोग्यांस निरोग्यांपासून वेगळें पण निवाऱ्यांत ठेवणें, वेळच्या वेळीं पाणी व पचेल असें अन्न देणें, स्वच्छता राखणें, मृतांची विल्हेवाट तत्काळ लावणें, आणि रोग्यास तो एकटा नाहीं असें वाटूं देणें, हींच तीं कामें. ज्या रोगावर औषध नाहीं त्यांतूनहि कांहीं रोगी केवळ अशा सेवेनें वांचतात. कारण पुष्कळदां मनुष्य रोगानें मरण्यापूर्वीं तहानेनें, भुकेनें व टाकलेपणानें मरतो.

साथ ओसरल्यावर राजा परतला. त्यानें जें ऐकलें व पाहिलें त्यानें त्याचें मन पालटलें. हा धर्मगुरु नसता तर राजधानीचे रस्ते प्रेतांनीं भरले असते, हें त्यानें मोकळ्या मनानें मान्य केलें. तो शेवटपर्यंत बौद्धच राहिला, परंतु फादर वाझ यांस त्यानें आपल्या राज्यांत धर्मकार्याची पूर्ण मोकळीक दिली. वादविवादानें जें दार उघडलें नव्हतें तें रोग्यांच्या सेवेनें उघडलें. येथें एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. दार उघडावें म्हणून त्यांनीं सेवा केली नाहीं. त्या साथींत आपण जगूं याचीच त्यांस शाश्वती नव्हती. मग पुढील मोकळिकीचा हिशेब ते कोठून करणार? त्यांनीं सेवा केली ती रोगी समोर होता म्हणून.

शेवटचीं वर्षें

यानंतरचीं बारा वर्षें म्हणजे अखंड भ्रमंती. कँडीस नवें देऊळ झालें. डचांच्या मुलखांतहि ते गुप्तपणें फिरत व तेथील कॅथोलिकांस धीर देत. १७०२ सालीं भाचे फादर कार्व्हाल्यो निवर्तले. १७०५ सालीं गोव्याहून आणखी धर्मगुरु आले. त्यांत दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस होते. फादर वाझ यांच्या प्रेरणेनें त्यांनीं सिंहली व तमिळ या भाषांत विपुल धर्मग्रंथ रचिले आणि त्या बेटाच्या वाङ्मयांत कायमचें स्थान मिळविलें. फादर वाझ यांनीं बेटाचे आठ विभाग करून प्रत्येकावर एकेक धर्मगुरु नेमला. त्यांस बिशप करावें असा विचार पुढें आला तेव्हां त्यांनीं तो मान नाकारला. १७०७ सालीं राजा विमलधर्मसूर्य वारला. त्याचा पुत्र नरेंद्रसिंह हाहि फादर वाझ यांस मानणारा होता.

१७१० सालीं प्रकृति खालावलेली असतांहि ते दौऱ्यावर निघाले आणि वाटेंत आजारी पडले. कँडीस परतल्यावर पुन्हां त्यांस बरें वाटलें नाहीं. १६ जानेवारी १७११ रोजीं त्यांनीं आपला आत्मा प्रभूच्या हातीं दिला. वय ५९. त्यांतील चोवीस वर्षें त्यांनीं त्या बेटावर घालविलीं आणि मायभूमीचें दर्शन पुन्हां घेतलें नाहीं. त्यांस कँडींतच पुरण्यांत आलें. पुढें छळाच्या काळांत तेथील देऊळ नष्ट झालें आणि त्यांची समाधि नेमकी कोठें हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. रानांत मेलेल्या असंख्य अनोळखी रोग्यांस ज्यांनीं आपल्या हातांनीं माती दिली, त्यांची स्वतःची माती अशी अनोळखी राहिली.

२१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्यवादित घोषित केलें. त्यानंतर वीस वर्षांनीं, १४ जानेवारी २०१५ रोजीं, पोप फ्रान्सिस यांनीं त्याच शहरांत समुद्रकांठच्या मैदानावर अफाट जनसमुदायासमोर त्यांस संतपद दिलें. श्रीलंकेचे हे पहिले संत. संतपदासाठीं सामान्यतः दुसऱ्या चमत्काराची सिद्धता लागते. पोप फ्रान्सिस यांनीं ती अट त्यांच्या बाबतींत शिथिल केली. ज्यांनीं रोग्यांच्या सेवेंत आपलें सामर्थ्य दाखविलें त्यांच्याविषयीं हें घडावें, तें यथायोग्यच झालें. त्यांचा सण १६ जानेवारीस येतो.

आपणांस बोध

संत जोसेफ वाझ कधीं तापीच्या कांठीं आले नाहींत. मग खानदेशांतील भाविकांनीं त्यांचें स्मरण कां करावें? कारण असें कीं, बेट होण्यास चोहोंकडे समुद्रच लागतो असें नाहीं. सातपुड्यांतील पाडे पावसाळ्यांत ओढे-नाले भरले म्हणजे जगापासून तुटतात. नंदुरबार जिल्हा १९९८ सालापर्यंत धुळें जिल्ह्याचाच भाग होता. त्यांतील अक्कलकुवा व धडगांव या तालुक्यांत नर्मदेच्या धरणाचें पाणी चढल्यापासून कांठावरच्या कित्येक वस्त्यांस आरोग्यसेवक नावेंतून जाऊं लागले. त्या नावेंत बसून लशीची पेटी मांडीवर घेऊन जाणारी परिचारिका संत वाझ यांच्याच वाटेनें जाते, मग तिनें त्यांचें नांव ऐकलेलें असो वा नसो.

आणि बेट शहरांतहि असतें. २०२० व २०२१ सालीं कोरोनाच्या साथींत आपण सर्वांनीं हें पाहिलें. शेजारच्या घराचें दार बंद झालें, आजाऱ्याजवळ कोणी जाईना, प्रेतास खांदा देण्यास माणसें मिळेनात. त्या वेळीं रोग्याजवळ उभ्या राहिल्या त्या परिचारिका, इस्पितळांतले नोकर, सफाई कामगार आणि कांहीं निर्भय शेजारी. १६९७ सालच्या कँडींत जें घडलें तें जुनें झालेलें नाहीं, हें आपणांस तेव्हां कळलें. भीति तीच आहे, आणि तिच्यावरचा उपायहि तोच आहे.

प्रत्येकास सातासमुद्रांपलीकडे जातां येणार नाहीं, प्रत्येकाच्या हातून पाऊस पडणार नाहीं. परंतु गल्लींतील एकट्या म्हाताऱ्या बाईला दोन घांस नेऊन देणें, अंथरुणास खिळलेल्या मनुष्याचें अंग पुसण्यास त्याच्या थकलेल्या सुनेला हात देणें, इस्पितळांत पडलेल्या परगांवच्या माणसाजवळ घटकाभर बसणें, हें कोणाच्या शक्तीबाहेरचें आहे? संत वाझ यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट नेमकी तीच आहे जी आपणांपैकीं कोणीहि करूं शकतो. म्हणूनच ती आपणांस टाळतां येत नाहीं.

ज्युबिलीच्या या पुण्यपर्वीं देवळावर दिवे लागतील, मिरवणूक निघेल, जेवणावळी होतील. तें सारें आनंदानें व्हावें. परंतु त्या रात्रीं आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या आजाऱ्याच्या खोलींत अंधार असूं नये, एवढें जरी आपण पाहिलें, तरी जाफन्याच्या वेशीबाहेर पेज घेऊन येणाऱ्या त्या अनामिक बाईच्या व कँडीच्या रानांत फिरणाऱ्या त्या अनवाणी धर्मगुरूच्या पंगतीस आपण बसलों असें होईल. संत जोसेफ वाझ आपणां सर्वांसाठीं, आणि विशेषेंकरून आपल्या आजाऱ्यांसाठीं व त्यांची सेवा करणाऱ्यांसाठीं, परमेश्वरापाशीं विनंति करोत.